जेनेट कान आणि डीसी कॉमिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरमॅन आणि बॅटमन सगळ्यांना ठाऊक असतात. ते ज्या कचेरीतून बाहेर पडतात तिथे २६ वर्षं वरच्या खुर्चीत कोण बसलं होतं, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. जेनेट कान यांच्याविषयी तुमच्याकडून येणारे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लावली आहेत. आधी ओळख, मग धंदा आणि पैसा, शेवटी वादाचे आणि अडचणीचे मुद्दे. वेळ कमी असेल तर प्रश्न ७ आणि १२ एवढे तरी वाचा. माझ्या मते जेनेट यांचं खरं काम सुपरहिरोंच्या गोष्टींपेक्षा लेखक-चित्रकारांशी होणाऱ्या करारांत दिसतं, आणि त्या कामाच्या मर्यादाही तिथेच दिसतात.

१. जेनेट कान म्हणजे नक्की कोण?

डीसी कॉमिक्स या अमेरिकन कंपनीच्या प्रकाशक आणि नंतर अध्यक्ष. जन्म १६ मे १९४७. वडील ज्यू धर्मगुरू, भाऊ साय कान लोकगीतकार आणि कामगार संघटक. शिक्षण हार्वर्डच्या रॅडक्लिफ कॉलेजात, विषय कलेचा इतिहास. २ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी डीसीच्या प्रकाशकपदाची सूत्रं हाती घेतली. १९८१ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि २००२ मध्ये कंपनी सोडली. सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन ही सगळी पात्रं या काळात त्यांच्या कारभाराखाली होती.

२. त्या स्वतः कॉमिक्स लिहायच्या की चित्रं काढायच्या?

दोन्ही नाही. त्यांचा पिंड मासिक काढणाऱ्या संपादकाचा. अंकांमध्ये ‘पब्लिशोरियल’ नावाचं त्यांचं सदर यायचं, त्यात त्या वाचकांशी थेट बोलायच्या, कंपनीत काय चाललंय ते सांगायच्या. गोष्टी लिहिणारे, चित्रं काढणारे, त्यांवर शाई फिरवणारे वेगळे.

३. कॉमिक्सचा अनुभव नसताना २८ वर्षांच्या मुलीला एवढी मोठी जागा कशी मिळाली?

मुलांच्या मासिकांमुळे. जेनेट यांनी १९७० मध्ये ‘किड्स’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यातला मजकूर आणि चित्रं मुलांचीच असायची, मोठ्यांनी मुलांना चार गोष्टी शिकवण्याचा प्रकार नव्हता. मग स्कोलॅस्टिक या शालेय पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी त्यांनी १९७४ मध्ये ‘डायनामाइट’ उभं केलं. ते अमेरिकेतल्या शाळांमधून प्रचंड खपलं. त्यानंतर झेरॉक्स कंपनीच्या शैक्षणिक विभागासाठी ‘स्मॅश’ काढलं. तिशीच्या आत तीन मासिकं, आणि तिन्हींचा वाचक दहा-बारा वर्षांचा.

डीसीची मालकी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सकडे होती आणि वॉर्नरच्या प्रकाशन विभागाचे प्रमुख होते विल्यम सार्नॉफ. खप घसरत होता आणि कार्माइन इन्फँटिनो या नामवंत चित्रकार-प्रकाशकाला नुकतंच पायउतार व्हावं लागलं होतं. सार्नॉफ यांना कॉमिक्सच्या धंद्यात मुरलेला माणूस नको होता. मुलं काय वाचतात हे ज्याला कळतं असं कुणीतरी हवं होतं. त्यात जेनेट यांना लहानपणापासून कॉमिक्सची मनापासून आवड.

४. ‘प्रकाशक’, ‘अध्यक्ष’, ‘संपादक’ यांत फरक काय? सगळे निर्णय त्याच घेत होत्या का?

संपादक गोष्टी बघतो: कुठला लेखक, कुठला चित्रकार, अंक वेळेवर गेला की नाही. कुठली मालिका सुरू करायची, किती पानं, किती किंमत, कुणाशी काय करार, हे प्रकाशकाचं खातं. अख्ख्या कंपनीचा नफा-तोटा आणि वरच्या मालकांना उत्तर देणं अध्यक्षाकडे.

१९७६ ते १९८१ या काळात जेनेट प्रकाशक होत्या, पण अध्यक्ष होते सॉल हॅरिसन, छपाई आणि निर्मितीच्या बाजूने वर आलेले जुने गृहस्थ. ते निवृत्त झाल्यावर दोन्ही पदं जेनेट यांच्याकडे आली. १९८९ मध्ये प्रकाशकपद त्यांनी पॉल लेव्हिट्झ यांच्याकडे सोपवलं. लेव्हिट्झ हे पोरसवदा वाचकापासून वर चढलेले, आणि करारांची बारकाईने मांडणी करण्यात त्यांचा वाटा मोठा. डिक जिओर्डानो १९८० मध्ये डीसीत परतले आणि संपादकीय बाजू सांभाळू लागले. जेनेट, लेव्हिट्झ, जिओर्डानो हे त्रिकूट १९८० च्या दशकातली डीसी. तेव्हा ‘हे जेनेटने केलं’ असं जिथे म्हटलेलं दिसेल तिथे बहुतेक वेळा या तिघांचं काम असतं, हे लक्षात ठेवावं.

५. कॉमिक्सच्या धंद्यातल्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी का?

असं सर्रास लिहिलं जातं, पण ते तसंच्या तसं खरं नाही. त्यांच्या कितीतरी आधी डेल पब्लिशिंगमध्ये हेलन मेयर होत्या. डेल म्हणजे डोनाल्ड डक, मिकी माउस यांची कॉमिक्स काढणारी, एके काळी खपात सगळ्यांच्या पुढे असलेली कंपनी. १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे ‘कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का’ याची सुनावणी झाली, तेव्हा मेयर डेलच्या उपाध्यक्ष होत्या. त्यांनी तिथे आपल्या कंपनीची बाजू ठामपणे मांडली. बाकीच्यांनी मिळून जी सेन्सॉरशिपची आचारसंहिता केली तिच्यात डेल सामील झाली नाही. पुढे मेयर डेलच्या अध्यक्ष झाल्या. डीसीतही १९४० च्या दशकात डोरोथी रुबिचेक (पुढे वूलफोक) संपादक होत्या.

मग जेनेट यांचं वेगळेपण कशात? डीसी आणि तिची प्रतिस्पर्धी मार्व्हल या सुपरहिरोंच्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या त्या पहिल्या. डेलमध्ये कॉमिक्स हा पुस्तकं-मासिकांच्या मोठ्या पसाऱ्यातला एक भाग होता, डीसीत तेच सर्वस्व. ‘पहिली’ हे बिरुद वापरायचं असेल तर एवढा खुलासा जोडून वापरा. मेयरबाईंना विसरून जेनेट यांना मोठं करायची गरज नाही.

६. ‘डीसी’ हे नाव त्यांनी ठेवलं का?

नाव जुनंच, १९३७ साली सुरू झालेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या मासिकाची आद्याक्षरं. वाचक कंपनीला डीसीच म्हणायचे, पण कागदोपत्री ती ‘नॅशनल पीरिऑडिकल पब्लिकेशन्स’ होती. लोक ज्या नावाने ओळखतात तेच अधिकृत करावं हा आग्रह जेनेट यांचा, आणि १९७७ मध्ये तो बदल झाला. त्याच सुमारास कंपनीचं नवं बोधचिन्ह मिल्टन ग्लेझर यांच्याकडून करून घेतलं. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ हे लाल बदामाचं चिन्ह करणारे तेच ग्लेझर. वर्तुळात तिरकी बसलेली डी आणि सी ही अक्षरं, भोवती चार तारे. हे चिन्ह २००५ पर्यंत टिकलं.

७. लेखक-चित्रकारांना रॉयल्टी त्यांनी सुरू केली असं ऐकलंय. नेमकं काय झालं?

आधी पूर्वीची तऱ्हा बघू. कॉमिक्समध्ये पानाप्रमाणे पैसे मिळायचे. लेखकाला पानाचा एक दर, पेन्सिलीने काढणाऱ्याचा वेगळा, शाई करणाऱ्याचा वेगळा. अंक दहा हजार खपो की दहा लाख, रक्कम तीच. चेकच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं की या कामाचे सगळे हक्क कंपनीचे. खाली सही केल्याशिवाय चेक वटत नसे. गोष्ट पुन्हा छापली तरी बऱ्याचदा एक पैसा मिळत नसे. पात्राचा बाहुला निघाला, सिनेमा निघाला, तरी ते निर्माण करणाऱ्याला काही नाही.

जेनेट आल्यावर पहिल्यांदा पुनर्मुद्रणाचे पैसे द्यायला सुरुवात झाली. मोठा निर्णय १९८१ च्या अखेरीस जाहीर झाला. अंकाच्या एक लाखाच्या वरच्या खपावर छापील किमतीच्या ४ टक्के रक्कम त्या अंकाच्या निर्मात्यांत वाटायची. हिशेब करून बघा. तेव्हा अंकाची किंमत ६० सेंट, म्हणजे एका प्रतीमागे २.४ सेंट. दीड लाख प्रती खपल्या तर वरच्या ५० हजारांवर १,२०० डॉलर, आणि ते लेखक, चित्रकार, शाईवाला यांच्यात विभागलेले. आजच्या नजरेला रक्कम किरकोळ वाटेल. पण तोवर हा आकडा शून्य होता. शिवाय लोकांना आवडेल असं काम करण्यात निर्मात्याला स्वतःचा फायदा दिसू लागला. मार्व्ह वूल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची ‘न्यू टीन टायटन्स’ ही १९८० ची मालिका तेव्हा जोरात होती, त्यामुळे या योजनेचा लाभ त्यांना लगेच मिळाला. मार्व्हललाही लगोलग तशीच योजना आणावी लागली, नाहीतर त्यांची चांगली माणसं डीसीकडे गेली असती.

दुसरा भाग कमी बोलला जातो, पण माझ्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. नव्या पात्राच्या निर्मात्याला, ते पात्र सिनेमात, मालिकेत, खेळण्यात वापरलं गेलं तर वाटा. लेन वाइन यांचं उदाहरण घ्या. मार्व्हलसाठी १९७४ मध्ये वुल्व्हरिन निर्माण करण्यात त्यांचा हात होता. डीसीसाठी त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ल्युशियस फॉक्स निर्माण केला, ब्रूस वेनची कंपनी सांभाळणारा शांत, व्यवहारी माणूस. पुढे बॅटमनच्या सिनेमांत ती भूमिका मॉर्गन फ्रीमन यांनी केली. वुल्व्हरिनपेक्षा ल्युशियस फॉक्सने आपल्याला जास्त पैसे दिले, असं वाइन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. एक पात्र जगप्रसिद्ध, दुसरं दुय्यम. फरक फक्त कुठल्या कंपनीच्या कागदावर सही झाली एवढाच.

८. मूळ चित्रांची पानं चित्रकारांना परत देणं त्यांनीच सुरू केलं ना?

नाही. डीसीत हा रिवाज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, त्यांच्या येण्याआधी पडला होता. जेनेट यांच्या काळात तो चालू राहिला. त्यांच्या चाहत्यांकडून ही चूक वारंवार होते. आर्थिक बदलांसाठी प्रश्न ७ पाहा.

९. सुपरमॅनच्या जनकांना पेन्शन त्यांनी मिळवून दिली का?

हेही आधीचं. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. म्हातारपणी दोघे हलाखीत होते. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी जोरदार मोहीम चालवली, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येऊ घातला होता, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. मग डिसेंबर १९७५ मध्ये वॉर्नरने प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर, औषधपाणी आणि नावाचा उल्लेख मान्य केला. जेनेट दोन महिन्यांनी आल्या. श्रेय त्या मोहिमेचं. पण आदल्याच वर्षी कंपनीची अशी नाचक्की झाली नसती तर प्रश्न ७ मधले बदल वॉर्नरच्या वरिष्ठांच्या गळी उतरवणं जास्त कठीण गेलं असतं, असं मला वाटतं.

जमेची बाजू सांगितली तशी उणीही सांगायला हवी. बॅटमनच्या निर्मितीत बॉब केन यांच्या बरोबरीने राबलेले लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये वारले. केन यांच्या जुन्या करारामुळे बॅटमनवर एकट्या केन यांचंच नाव छापलं जाई. जेनेट यांच्या २६ वर्षांत ते बदललं नाही. फिंगर यांचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. निर्मात्यांच्या बाजूने उभी राहिलेली कंपनी म्हणून डीसीचं कौतुक करताना ही गोष्ट मला बोचते.

१०. ‘डीसी इम्प्लोजन’ काय होतं? त्यात त्यांची चूक होती का?

१९७८ ची गोष्ट. कॉमिक्स तेव्हा पेपरच्या स्टॉलवर, किराणा दुकानात विकली जात. न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत, पैसेही परत. छापलेल्या अंकांतले निम्म्याहून जास्त असे परत यायचे. विक्रेत्यालाही ३५ सेंटच्या अंकात काही सुटत नसे, म्हणून तो गठ्ठा सोडतही नसे. जेनेट यांचा विचार असा की अंक जाड करावा, किंमत वाढवावी, म्हणजे विक्रेत्याला ठेवावासा वाटेल. १९७७ मध्ये त्यांनी ‘डॉलर कॉमिक्स’ हे एक डॉलरचे जाडजूड अंक आणले होते. १९७८ च्या उन्हाळ्यात सरसकट सगळे अंक ५० सेंटला, गोष्टीची पानं १७ ऐवजी २५, आणि जोडीला नव्या मालिकांचा धडाका. जाहिरातीत नाव दिलं ‘डीसी एक्स्प्लोजन’.

पण आदल्या दोन हिवाळ्यांत अमेरिकेच्या ईशान्य भागात जबरदस्त हिमवादळं झाली होती. ट्रक अडकले, अंक स्टॉलपर्यंत पोचलेच नाहीत. विक्रीचे वाईट आकडे वॉर्नरच्या टेबलावर आले आणि वरून हुकूम सुटला. एक्स्प्लोजन सुरू होऊन जेमतेम काही आठवडे होतात तोच दोन डझनांहून अधिक मालिका बंद झाल्या किंवा सुरूच झाल्या नाहीत. माणसं कमी झाली. एक्स्प्लोजन म्हणजे स्फोट, म्हणून या आत कोसळण्याला ‘इम्प्लोजन’ म्हणतात. अंक ४० सेंट आणि १७ पानांवर आले. ज्या मासिकाच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं ते ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’सुद्धा बंद होण्याच्या बेतात होतं. ‘बॅटमन फॅमिली’ या जास्त खपणाऱ्या अंकाशी जोडून ते वाचवलं.

तयार झालेल्या पण न छापलेल्या गोष्टींवरचा हक्क शाबूत राहावा म्हणून कचेरीतच त्यांच्या झेरॉक्स काढून दोन खंड बांधले, ‘कॅन्सल्ड कॉमिक कॅव्हलकेड’. प्रती फक्त ३५. जमवणारे आजही त्यांच्या मागे असतात.

चूक कुणाची? जाड अंकाचा तर्क बरोबर होता, वेळ आणि आवाका चुकला. एवढा मोठा डाव एकाच वेळी लावायला नको होता, एवढा दोष जेनेट यांच्याकडे जातो. पण अशा फटक्यानंतर ज्या माणसाची खुर्ची सहसा जाते, त्याच माणसाला तीन वर्षांनी अध्यक्ष केलं गेलं. म्हणजे वॉर्नरमध्येही कुणाला तरी तो तर्क पटला असावा.

११. १९८० च्या दशकात डीसीची कॉमिक्स एकदम वेगळी, मोठ्यांसाठीची कशी झाली?

विक्रीची वाट बदलली म्हणून. फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढत होती. ती दुकानं अंक पक्के विकत घेत, परत पाठवत नसत. त्यामुळे कमी प्रतींची, चांगल्या कागदावरची, वयाने मोठ्या वाचकांची कॉमिक्स काढणं परवडू लागलं. डीसीने ठरावीक अंकांत संपणाऱ्या मालिका सुरू केल्या: १९७९ ची तीन अंकांची ‘वर्ल्ड ऑफ क्रिप्टॉन’, मग १९८२ पासून बारा अंकांची ‘कॅमेलॉट ३०००’. फ्रँक मिलर यांना मार्व्हलकडून आणलं आणि १९८३ मध्ये ‘रोनिन’ काढलं. त्याचे हक्क मिलर यांच्याकडेच राहिले, मुख्य प्रवाहातल्या एवढ्या मोठ्या कंपनीसाठी ही नवलाई होती. इंग्लंडहून अ‍ॅलन मूर आले आणि त्यांच्या हाती ‘स्वॅम्प थिंग’ ही रडतखडत चाललेली भयमालिका दिली. १९८४ मध्ये तिच्या २९ व्या अंकाला प्रश्न ५ मधल्या आचारसंहितेच्या मंडळाने शिक्का नाकारला. डीसीने गोष्ट कापली नाही, शिक्क्याविना अंक बाजारात आणला. हा निर्णय वरच्या पाठबळाशिवाय होत नाही.

१९८६ मध्ये मिलर यांचं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि मूर-गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ आलं. वॉचमेनविषयी पुढच्या उत्तरात.

१२. निर्मात्यांच्या हक्कांचं एवढं कौतुक करता, मग अ‍ॅलन मूर डीसीवर चिडून का गेले?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि रास्त. ‘वॉचमेन’चा करार त्या काळच्या मानाने उदार होता. हक्क डीसीकडे, पण कंपनीने पुस्तक छापणं थांबवलं आणि वर्षभर वापरलं नाही तर ते मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्याकडे परत जायचे. त्या वेळचा अनुभव सांगत होता की कॉमिक एकदा छापलं की संपलं, दोन वर्षांत कुणी विचारत नाही. दोघांनाही वाटलं, थोड्याच काळात हक्क आपल्याकडे येतील. पण १९८७ मध्ये बारा अंकांचं एकत्र पुस्तक निघालं, ते पुस्तकांच्या दुकानांत गेलं, आणि तेव्हापासून आजतागायत ते छापायचं थांबलेलं नाही. करारातलं कलम कधी लागूच झालं नाही.

त्यात बॅजचा वाद. ‘वॉचमेन’मधल्या, रक्ताचा थेंब पडलेल्या हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचे बॅज डीसीने विकले आणि त्यांना ‘प्रसिद्धीसाहित्य’ म्हटलं. तसं म्हटलं की निर्मात्यांना वाटा देण्याचा प्रश्न येत नाही. रक्कम फार नसेल, पण विश्वास तिथे गेला.

माझं मत विचाराल तर कायद्याने डीसीची बाजू भक्कम आहे आणि तरीही मूर यांना फसवल्यासारखं वाटणं समजण्याजोगं आहे. करार करताना दोन्ही बाजूंच्या मनात जे गृहीत होतं ते बदललं. तेव्हा वरिष्ठांनी स्वतःहून पुन्हा बोलणी करायला हवी होती. ज्या अध्यक्षांनी मार्व्हलच्या आधी रॉयल्टी दिली, त्यांच्याकडून हीच अपेक्षा होती. २०१२ मध्ये मूर यांच्या विरोधाला न जुमानता त्याच पात्रांवर नव्या मालिका निघाल्या, पण तोवर जेनेट कंपनीत नव्हत्या.

१३. आणि तो वयाच्या लेबलांचा वाद?

१९८६ च्या अखेरीस डीसीने मोठ्यांसाठीच्या अंकांवर तसा शिक्का मारण्याची योजना आखली. ज्यांना हे नियम लागू होणार होते त्यांना विचारलं गेलं नाही. मूर, मिलर, हॉवर्ड चेकिन आणि मार्व्ह वूल्फमन यांनी जाहीर निषेध केला. वूल्फमन यांचं संपादकपद गेलं. मूर यांनी डीसीसाठी नवं काम करायचं नाही असं ठरवण्यात प्रश्न १२ इतकाच याचाही भाग होता.

१४. व्हर्टिगो जेनेट कान यांनी काढलं की कॅरेन बर्गर यांनी?

बर्गर यांनी. त्या १९७९ मध्ये पॉल लेव्हिट्झ यांच्या साहाय्यक म्हणून आल्या, संपादक झाल्या, इंग्लंडमधले लेखक शोधून आणले आणि नील गेमन यांची ‘सँडमन’ उभी केली. १९९३ मध्ये त्यांच्या हाताखाली व्हर्टिगो ही वेगळी शाखा सुरू झाली. त्यातल्या कितीतरी मालिकांचे हक्क निर्मात्यांकडे होते. जेनेट यांचं काम त्यांना मोकळीक देण्याचं. दोघींची नावं एकमेकींच्या जागी टाकलेली दिसतात, तसं करू नये. दोघींचंही नुकसान होतं.

१५. कृष्णवर्णीय नायकांच्या बाबतीत त्यांचा काळ कसा होता?

संथ, पण पूर्वीपेक्षा बराच बरा. १९७७ मध्ये ‘ब्लॅक लाइटनिंग’ आलं, स्वतःच्या नावाची मालिका असलेला डीसीचा पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो. (त्याचे लेखक टोनी इसाबेला आणि डीसी यांच्यात हक्कांवरून पुढे बरीच वर्षं वाद चालला.) १९७८ मध्ये ‘व्हिक्सन’ या कृष्णवर्णीय नायिकेची मालिका तयार होती, ती प्रश्न १० मधल्या पडझडीत गेली. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीयांनी माइलस्टोन मीडिया ही कॉमिक्स कंपनी काढली. डीसीने छापायचं आणि विकायचं, हक्क आणि गोष्टींवरचा ताबा माइलस्टोनचा. ‘स्टॅटिक’ हा सुपरहिरो त्यातूनच आला. अशा तऱ्हेची भागीदारी मान्य करणं हा जेनेट यांच्या धोरणाचा, म्हणजे प्रश्न ७ चाच, पुढचा टप्पा म्हणायला हरकत नाही.

१६. सुपरमॅनला मारायचं त्यांनी ठरवलं का?

मूळ बेत सुपरमॅन आणि त्याची प्रेयसी लोइस यांच्या लग्नाचा होता. पण टीव्हीवर दोघांची नवी मालिका येणार होती, तिच्याशी जुळावं म्हणून लग्न पुढे ढकललं. लेखक-संपादकांच्या चमूला वर्षभरासाठी दुसरं काहीतरी हवं होतं, त्यातून नोव्हेंबर १९९२ चा तो मृत्यू निघाला. जेनेट यांनी संमती दिली. लग्न शेवटी १९९६ मध्ये, टीव्हीवर आणि कॉमिकमध्ये एकदमच लागलं.

१७. भूसुरुंगांवरच्या कॉमिकचा काय विषय?

१९९६ मध्ये डीसीने युनिसेफ आणि अमेरिकन संरक्षण खात्याबरोबर बोस्नियातल्या मुलांसाठी सुपरमॅनचं एक कॉमिक काढलं, लॅटिन आणि सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत. युद्ध थांबलं होतं, पण शेतांत, ओसाड घरांत सुरुंग तसेच होते. मुलांनी कुठे जाऊ नये, काय उचलू नये, हे त्यांना आवडणाऱ्या माणसाच्या तोंडून सांगायचं. १९९८ मध्ये मध्य अमेरिकेसाठी स्पॅनिशमध्ये दुसरं निघालं, त्यात वंडर वुमनही होती. जेनेट यांनी हा उपक्रम जातीने पुढे नेला. त्याच वृत्तीतून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वंडर वुमनच्या चाळिशीनिमित्त ‘वंडर वुमन फाउंडेशन’ निघालं होतं. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना ते अर्थसाहाय्य द्यायचं.

१८. आपल्याकडचे वेताळ आणि मँड्रेक डीसीचेच ना?

नाहीत. ते किंग फीचर्स या अमेरिकन संस्थेच्या वृत्तपत्रीय चित्रमालिकांतले. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईतून १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समध्ये त्यांना मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणलं. जेनेट कान यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

१९. डीसी सोडल्यावर त्यांनी काय केलं?

अ‍ॅडम रिचमन यांच्यासोबत ‘डबल निकेल एंटरटेनमेंट’ ही चित्रपट निर्मिती संस्था काढली. क्लिंट ईस्टवूड यांच्या ‘ग्रॅन टोरिनो’ (२००८) या चित्रपटाच्या त्या कार्यकारी निर्मात्यांपैकी एक. २०१९ मध्ये कॉमिक्ससाठीच्या आयस्नर पुरस्कारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, त्याच वर्षी पॉल लेव्हिट्झ यांचाही.

२०. त्यांच्यानंतर डीसीत पुन्हा एखादी स्त्री एवढ्या वर पोचली का?

हो. २००२ मध्ये लेव्हिट्झ अध्यक्ष झाले. २००९ मध्ये वॉर्नरने डीसी एंटरटेनमेंट अशी नवी रचना केली, तिच्या अध्यक्ष डायन नेल्सन होत्या. पुढे मुख्य संपादकपदी मारी जॅव्हिन्स आल्या.

२१. माझ्याकडे १९७६ चा जुना अंक आहे. तो जेनेट यांच्या काळातला धरायचा का?

कव्हरवरच्या महिन्यावर जाऊ नका. तो महिना प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण तीन महिने पुढचा असायचा, म्हणजे अंक स्टॉलवर जास्त दिवस ताजा दिसावा. त्यात अंक लिहून, काढून, रंगवून छापायला आधीचे काही महिने गेलेले. त्यामुळे १९७६ च्या वसंतातले, अगदी उन्हाळ्याच्या सुरुवातीचे महिने छापलेले अंकही बव्हंशी इन्फँटिनो यांच्या कारकिर्दीत ठरलेले. ‘सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन’ हा डीसी-मार्व्हलचा गाजलेला संयुक्त अंकही जेनेट यांच्या नावावर घातला जातो, पण तो जानेवारी १९७६ मध्ये बाजारात होता. आतल्या पानावर बारीक टायपात प्रकाशकाचं नाव असतं ते आधी पाहा. तिथे जेनेट कान असेल तरी पहिल्या काही महिन्यांपुरतं ते नाव कचेरीत तेव्हा कोण होतं एवढंच सांगतं. १९७७ पासूनच्या, ग्लेझर यांचं नवं चिन्ह असलेल्या अंकांबाबत शंका नको.